शिबिर नको, खोली द्या

प्रति,
राज्यातील सर्व पोलीस आयुक्त, जिल्हा पोलीस अधीक्षक, मुख्य अग्निशमन अधिकारी
आणि आपत्कालीन सेवांचे घटकप्रमुख

विषय : कर्मचाऱ्यांसाठी होणाऱ्या एकदिवसीय तणावमुक्ती शिबिरांबाबत.

महोदय, महोदया,



तुमच्यापैकी एका कार्यालयाचं पत्र गेल्या महिन्यात आलं. मुख्यालयाचं सभागृह, पाचशे कर्मचारी, सकाळी अकरा ते एक, विषय 'ताणतणाव व्यवस्थापन'. तरी आपण उपस्थित राहून मार्गदर्शन करावे, ही विनंती. मी नकार कळवला. पत्र पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. फोनवर ते अदबीने बोलले, "मॅडम, तासभर तरी या, पोरांना जरा हलकं वाटेल," असंही म्हणाले. पण नकाराचं कारण फोनवर सांगून संपणारं नव्हतं, आणि ते त्या एका कार्यालयापुरतंही नाही. म्हणून हे पत्र उघडच लिहिते आहे.

मी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आहे. ज्यांच्या नोकरीतच दुसऱ्याचा मृत्यू, जळणं, चिरडणं, विटंबना रोज समोर येते, अशा माणसांचे उपचार-गट चालवणं हा माझ्या कामाचा मोठा भाग. पुढे ज्या माणसांबद्दल लिहिलं आहे, त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आणि एकमेकांत मिसळले आहेत. कोण असेल, याचा शोध कृपया घेऊ नये.

तुमची शिबिरं मी पुष्कळ पाहिली आहेत. पुढे सोफ्यावर साहेब, मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर अंमलदार. त्यातले निम्मे रात्रपाळी उतरून थेट आलेले, कारण हजेरी लागते. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ. वक्ते दोन विनोद सांगतात, हात वर करून मोठ्याने हसायला लावतात, सकाळी लवकर उठा, मोबाइल कमी बघा, सकारात्मक राहा, असं बजावतात. चार तासांची झोप मिळणाऱ्या माणसाला लवकर उठायला सांगणं हाही एक विनोदच, पण त्यावर कोणी हसत नाही. शेवटी निवेदक विचारतात, "कोणाला काही प्रश्न?" सभागृह गप्प. विचारणार कोण? ज्यांच्या सहीसाठी रजेचा अर्ज पडून आहे, ते पहिल्याच रांगेत बसलेले असतात. मग समोसा, चहा, समूहछायाचित्र. दुसऱ्या दिवशी स्थानिक पानावर बातमी.

या शिबिरांनी कोणाचं नुकसान होतं, असं मी म्हणत नाही. दोन तास बसायला मिळतं, ही बंदोबस्तावरच्या माणसाला लहान गोष्ट नव्हे. माझी तक्रार त्यानंतर फाइलीत पडणाऱ्या नोंदीबद्दल आहे. 'कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत केलेली कार्यवाही' या रकान्यात शिबिराची तारीख आणि उपस्थितांची संख्या लिहिली जाते, आणि विषय वर्षभरासाठी बंद होतो.

आणि विषय तर उघडाच असतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगरातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर गाडीरस्ता नव्हता, यंत्रं नेता येत नव्हती. पावसात, चिखलात, कुदळ-फावड्यांनी माणसं शोधली गेली. मदतीला निघालेले नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी चढतानाच हृदयविकाराने गेले. चौथ्या दिवशी शोध थांबवला, तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. शोध थांबवण्याचा निर्णय योग्यच होता. पण ज्याने चार दिवस त्या चिखलात हात घातले, तो खाली उतरला तेव्हा त्याचं काम पुरं झालेलं नव्हतं, आणि ते कधी पुरं होणारही नाही. त्याच्याशी याविषयी नंतर कोण बोललं? मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या आगीने मुंबईच्या मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांसह चार अधिकारी नेले. त्यांच्यासोबत त्या इमारतीपाशी असलेले जवान पुढची कित्येक वर्षं घंटा वाजली की गाडीवर चढत राहिले. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. चौकशी झाली, ती व्हायलाच हवी होती. त्या रात्री आत शिरलेल्यांच्या झोपेची चौकशी मात्र कोणत्याच अहवालाचा विषय नसते.

या झाल्या बातमीत आलेल्या घटना. त्या निदान सर्वांना ठाऊक असतात, लोक निदान हळहळतात. माणूस जास्त झिजतो तो बातमी न होणाऱ्या कामाने. महामार्गालगतच्या ठाण्यातला हवालदार, ज्याच्याकडे अकस्मात मृत्यूंची कागदपत्रं कायमची दिलेली आहेत कारण 'त्याला सवय आहे'. मुंबईच्या लोकलमार्गावर दरवर्षी अडीच हजारांच्या आसपास माणसं जातात. त्यांचे देह उचलणारे लोहमार्ग पोलीस आणि हमाल, आणि ब्रेक लावूनही गाडी जागच्या जागी थांबणार नाही हे कळत असताना समोर बघत राहणारा मोटरमन. सायबर शाखेत लहान मुलांच्या अत्याचाराच्या चित्रफिती पुरावा म्हणून शेवटपर्यंत पाहणारा शिपाई.

सवय होते, हा तुमच्या खात्यांतला सर्वात जुना समज आहे. शास्त्र उलटं सांगतं. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली काढलेल्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेत, आघाताची व्याख्या करताना, स्वतःच्या जिवावर बेतलेल्या प्रसंगाइतकंच स्थान कामाचा भाग म्हणून पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या भयंकर तपशिलांनाही दिलेलं आहे. उदाहरणं दिली आहेत ती मानवी अवशेष गोळा करणाऱ्यांची आणि बाल-अत्याचाराचे तपशील वारंवार ऐकाव्या लागणाऱ्या पोलिसांची. म्हणजे तुमच्या हवालदाराची आणि शिपायाची. ज्याला तुम्ही सवय म्हणता, त्यात कित्येकदा माणूस सुन्न झालेला असतो, आणि ते सुन्नपण ड्युटी संपली म्हणून कपाटात ठेवता येत नाही. ते घरी जातं, जेवायला बसतं, मुलांवर खेकसतं.

यावर गटात उपचार होतो म्हणजे काय होतं, ते सांगते. कारण 'ग्रुप थेरपी' म्हटलं की तुमच्यातल्या अनेकांच्या डोळ्यांपुढे पुन्हा सभागृहच येतं, फक्त लहान.

आठ ते दहा माणसं. साधारण सारख्या कामातली, पण शक्यतो एकाच ठाण्यातली नव्हेत. दोन मार्गदर्शक. आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, ठरल्या वेळी, दीड तास, असे सुमारे बारा आठवडे. सुरू झाल्यावर नवा माणूस आत घ्यायचा नाही. आधी प्रत्येकाशी एकेकटं बोलायचं, कारण गट सर्वांना मानवत नाही. ज्याच्या मनात सध्या आत्महत्येचे विचार जोरात आहेत किंवा ज्याची दारू शुद्धीवर राहू देत नाही, त्याला आधी स्वतंत्र उपचार लागतात. पहिल्या काही बैठकींत घटनेचं नावही काढायचं नाही. झोप, श्वास, राग आला की शरीरात काय होतं, घरी काय लपवलं जातं, यावर बोलायचं. घटना नंतर येते, बेताने येते, आणि तीही सगळा रक्तमांसाचा तपशील न उकरता; एकाने ओकायचं आणि नऊ जणांनी ते घरी न्यायचं, असं होऊ द्यायचं नसतं. काही गटांत तर घटना मुळीच सांगितली जात नाही, आज अडतंय कुठे तेवढ्यावरच काम चालतं, आणि तेही उपयोगी पडतं.

एका बैठकीतला प्रसंग सांगते. अग्निशमन दलातला एक जवान, मितभाषी, बहुतेक वेळ बुटांकडे बघणारा. त्या दिवशी विषय निघाला होता जेवणाचा. तो म्हणाला, घरी भरताचं वांगं गॅसवर ठेवलं की मी उठून खाली जातो. साल करपायला लागली की तो वास येतो ना, तो. बायकोला सांगितलंय की मला भरीत आवडत नाही. खरं तर लहानपणी मला भरीत फार आवडायचं. खोलीत थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग समोरचा, त्याच्याहून बराच ज्येष्ठ, दुसऱ्या केंद्रावरचा, म्हणाला, "आमच्याकडे तर किती वर्षांत झालेलंच नाही. बायकोला मी पित्ताचं कारण सांगितलंय." आणि मग दोघेही हसले. शिबिरात हात वर करून हसतात तसं ते हसू नव्हतं. त्या दिवसापासून पहिला जवान बुटांकडून वर बघायला लागला.

मी त्या दीड तासात जवळजवळ काही बोलले नाही. गटोपचाराचं बळ नेमकं यात आहे. त्या जवानाला मी एकटीने शंभरदा सांगितलं असतं की हे अनेकांना होतं, तर त्याने मान डोलावली असती आणि मनात म्हटलं असतं, मॅडमना काय ठाऊक. गेली पन्नासेक वर्षं या विषयाचा मुख्य ग्रंथ मानल्या गेलेल्या पुस्तकात अर्विन यालोम यांनी गटाने बरं वाटण्याची जी कारणं दिली आहेत, त्यांत 'हे माझ्या एकट्याचं नाही' हा उमज अगदी आधी येतो. तो उमज त्याच कामातल्या माणसाकडून आला तरच पटतो.

शिवाय ही पद्धत गणवेशाला परकी आहे, असं तर मुळीच नाही. ती बऱ्याच अंशी गणवेशातूनच आली. दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयात खचलेल्या सैनिकांवर गटाने उपचार करण्याचे जे प्रयोग झाले, तिथून आजच्या गटोपचाराचा एक मोठा प्रवाह सुरू होतो. पहिला प्रयोग करणारे विल्फ्रेड बायॉन हे जन्माने आपल्या मथुरेचे, १८९७ सालचे. त्यांचा प्रयोग दीड महिन्यात गुंडाळला गेला. वॉर्डात जो गोंधळ दिसत होता तो लष्करी शिस्तीला मानवला नाही, असं सांगतात. (वरिष्ठ आणि गट यांचं नातं तेव्हापासूनच असं आहे, म्हणायचं.) पुढे व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांनी १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये आपापलेच गट जमवायला सुरुवात केली. मानसोपचारतज्ज्ञ तिथे जवळजवळ पाहुण्यासारखे जाऊन बसत. त्या गटांत जे ऐकलं गेलं, त्याचा हात १९८० साली आघातोत्तर तणाव विकार हे निदान अधिकृत होण्यामागे आहे.

इतक्या दूर जायचीही गरज नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनातून बाहेर पडणाऱ्या माणसांना गोल बसवून बोलतं केलं, आणि मराठी पुरुष मनातलं बोलत नाही हा समज मोडून काढला. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा गावोगावी शाळांच्या वर्गांत, चर्चच्या खोल्यांत भरतात. "आमचे लोक असे बोलणार नाहीत हो," असं तुम्ही म्हणता तेव्हा मला नवल वाटतं. तुमचे लोक बोलतातच. ठाण्यामागच्या टपरीवर बोलतात, ड्युटी संपल्यावर कोणाच्या तरी खोलीवर क्वार्टर फोडून बोलतात. गट जमलेलाच आहे. त्यात बाटली आहे आणि वेळेचं बंधन नाही, एवढाच फरक. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाला काही आठवायचं नाही, असा अलिखित करार.

आता तुमच्याकडे माझं मागणं काय ते.

पहिलं म्हणजे, साहेब खोलीत नकोत. मनापासून इच्छा असली, स्वतः फार मायाळू असले, तरी नकोत. "मी मागे गप्प बसतो, तुमचं चालू द्या," असं एक अधिकारी म्हणाले होते. ते बसले, आणि दीड तास सर्वांनी कौटुंबिक कारणं सांगितली. खोलीत पदानुसार 'सर' म्हणणं चालत नाही. मग हवालदार आणि उपनिरीक्षक एका गटात ठेवावेत का, हाही प्रश्नच असतो. बहुधा ठेवू नयेत. तुमच्यासाठी तुमच्या दर्जाच्या अधिकाऱ्यांचा वेगळा गट हवा. तो कोणी मागत नाही. मागायला हवा. दोन-दोन वर्षांनी बदली, राजकीय दबाव, आपल्या आदेशावरून गेलेला माणूस परत न येणं, हे सगळं घेऊन तुम्ही कुठे बसता, हे मला विचारायचं नाही, पण तुम्ही स्वतःला विचारावं.

दुसरं, वेळ ड्युटीतला द्या. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी गट ठेवला की तो शिक्षा होतो. ड्युटी संपल्यावर ठेवला की माणूस डुलक्या घेतो. दर बुधवारी अडीच ते चार हा वेळ ड्युटी समजला जाईल आणि त्या वेळात बंदोबस्तासाठी बोलावलं जाणार नाही, असा लेखी आदेश लागतो. तोंडी सांगितलेलं टिकत नाही. गणपती आले, मोर्चा निघाला, व्हीआयपी आले, की पहिला बळी गटाचा जातो, आणि दोन बुधवार चुकले की विश्वास ढळतो.

मनुष्यबळ नाही, हे उत्तर मला पाठ आहे आणि ते खोटं नाही. म्हणून तुमच्याच शिबिराचा हिशेब मांडते. पाचशे माणसं, दोन तास : हजार मनुष्यतास, जाण्यायेण्याचा वेळ सोडून. दहा जणांचा गट, दीड तास, बारा आठवडे : एकशेऐंशी मनुष्यतास. एका शिबिराच्या वेळात पाच गट पुरे होतात आणि शंभर तास उरतात. पाच गट म्हणजे पन्नास माणसं. पाचशेंपुढे पन्नास हा आकडा अहवालात लहान दिसतो, हे मला कळतं. पण त्या पाचशेंना मिळालं काय, हे अहवालात विचारलं जात नाही.

तिसरी गोष्ट सर्वात अवघड आणि सर्वात महत्त्वाची : गुप्तता. गट सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फोन येतोच. "मॅडम, नावं नकोत, पण जरा अंदाज द्या, कोण बरं आहे, कोण नाही." विचारणाऱ्याला काळजीच असते. तरीही उत्तर मिळणार नाही. किती बैठकी झाल्या, किती जण टिकले, एवढं मी सांगू शकते. ड्युटीच्या वेळांबद्दल, क्वार्टर्सबद्दल गटातून सर्वानुमते काही सांगायचं ठरलं, तर तेही सांगू शकते. त्यापलीकडे नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला, २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या २३ व्या कलमाने उपचार घेणाऱ्याची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे, आणि २४ व्या कलमाने त्याचं छायाचित्र वा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देण्यावर बंधन घातलं आहे. शिबिर हे काही उपचार नव्हे, त्यामुळे तुमच्या समूहछायाचित्राने कायदा मोडतो असं मी म्हणणार नाही. पण उद्या खरा गट सुरू केलात, तर त्याचा फोटो काढायला जनसंपर्क विभागाला पाठवू नका.

गुप्ततेला मर्यादा आहे, आणि ती लपवलेली नाही. कोणी स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला आहे असं दिसलं, तर मला गप्प बसता येत नाही. हे पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगितलं जातं. बहुतेकांना ते मान्य असतं. त्यांची भीती वेगळी आहे. शस्त्र काढून घेतील, 'मेंटल' असा शिक्का बसेल, गोपनीय अहवालात कुठेतरी ओळ पडेल, बढतीच्या वेळी ती वर येईल, आणि तोवर साइड पोस्टिंग. म्हणून असा स्पष्ट आदेश हवा, की गटात जाण्याची नोंद सेवापुस्तकात वा गोपनीय अहवालात होणार नाही. शस्त्र तात्पुरतं जमा करण्याची वेळ आलीच, तर ते वैद्यकीय सल्ल्याने होईल, मुदतीसाठी होईल, आणि परत मिळण्याची पद्धत आधीच लिहिलेली असेल. आज शस्त्र जमा होणं म्हणजे बेअब्रू. त्यामुळे ज्याने ते स्वतःहून जमा करायला हवं, तोच ते कमरेला लावून फिरतो.

चौथी विनंती थोडी उलट्या दिशेची आहे. मोठी दुर्घटना झाली की काही उत्साही अधिकारी दुसऱ्याच दिवशी संपूर्ण पथकाला बसवून एकेकाला बोलायला लावतात. हेतू निर्मळ. या पद्धतीला परंपराही आहे. १९८३ मध्ये अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी, जे स्वतः पूर्वी अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवेत होते, घटनेनंतर लगेच घ्यायच्या, ठरलेल्या टप्प्यांच्या बैठकीची रीत मांडली आणि ती जगभर गेली. पुढे तपासणी झाली तेव्हा चित्र इतकं उजळ राहिलं नाही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००२ च्या आढाव्यात अशा एकाच बैठकीने आघाताचा विकार टळतो असं दिसलं नाही, आणि एका चाचणीत तर वर्षभराने अपाय झालेला दिसला. तो आढावा मुख्यतः एकेकट्या माणसासोबत घेतलेल्या बैठकींचा होता, मिचेल यांच्या गटांचा नव्हे, असा प्रतिवाद आहे आणि त्यात तथ्य आहे. तरी ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २०१८ च्या मार्गदर्शिकेत अशी बैठक देऊ नका, असंच सांगितलं आहे. तेव्हा पहिल्या दिवशी सक्तीने कोणाला बोलतं करू नका. गरम जेवण द्या, कोरडे कपडे द्या, घरी फोन करू द्या, आठवडाभर त्याच कामावर पुन्हा पाठवू नका, शेजारी कोणी ओळखीचं असू द्या. बहुतेक माणसं काही आठवड्यांत आपली आपण सावरतात. महिना उलटूनही ज्यांची झोप, भूक, राग ताळ्यावर येत नाही, त्यांच्यासाठी आम्ही आहोत.

महिला अधिकाऱ्यांविषयी वेगळं लिहायलाच हवं. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या २४ व्या कलमानुसार बालकाचा जबाब शक्यतो उपनिरीक्षक दर्जापेक्षा कमी नसलेल्या महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो, आणि घेताना गणवेश घालायचा नसतो. तरतूद मुलांच्या भल्याचीच आहे. पण परिणाम काय होतो? ठाण्यात अशा अधिकारी एक किंवा दोन. म्हणजे त्या हद्दीतला प्रत्येक जबाब त्याच एक-दोघींच्या कानांतून जातो. माझ्या गटातल्या एकीने सांगितलं, जबाबासाठी ती लॉकरमध्ये एक साधा पंजाबी ड्रेस ठेवते. एकदा तो धुवायला टाकला होता, म्हणून घरून घालून आलेल्या ड्रेसवरच जबाब घेतला. तिच्या मुलीचा आवडता, वाढदिवसाला घेतलेला. नंतर तिने तो घरी पुन्हा घातला नाही, आणि मुलीने का म्हणून विचारलं तेव्हा बटण तुटल्याचं सांगितलं. वर्दी उतरवली की काम संपतं, ही सोयही तिला उरलेली नाही. या अधिकाऱ्यांना महिला दिनाचा सत्कार नको. जबाबांची पाळी वाटून द्या, आणि त्यांचा गट स्वतंत्र ठेवा.

आणि जे तुमच्या पटावर नाहीत त्यांचं काय? २०१४ पासून धावणाऱ्या १०८ रुग्णवाहिकेचे चालक आणि डॉक्टर, शवागारातले कंत्राटी सफाई कामगार, दरीतून देह वर आणणारे लोणावळा-महाबळेश्वरकडचे स्वयंसेवी गिर्यारोहक. उचलायला ते पुढे आणि योजनेत ते कुठेच नाहीत. तुमच्या गटात त्यांना जागा द्यायला वेगळं अंदाजपत्रक लागत नाही.

माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींनाही यातून सोडत नाही. मानधन घेऊन पाचशे जणांपुढे इंग्रजी स्लाइड वाचून दाखवणारे आम्हीच. शिबिराला नाही म्हणण्याचा अधिकार आम्हाला होता, तो फार थोड्यांनी वापरला. गटाबद्दल अवास्तव बोलणारेही आमच्यातच आहेत. तेव्हा सांगून ठेवते : आघाताच्या विकारावर एकेकट्याने घेतलेल्या, आघातावर नेमकं काम करणाऱ्या उपचारांच्या बाजूने संशोधनाचा कौल अधिक भक्कम आहे. गट त्यांची जागा घेत नाही. गटातून दोघा-तिघांना पुढे स्वतंत्र उपचारांना पाठवावंच लागतं, आणि तेवढ्यासाठीही गट चालवणं सार्थकी लागतं, कारण ती माणसं एरवी कधीच आली नसती.

गटाने बारा तासांची ड्युटी आठ तासांची होत नाही, हेही खरं. माणसाला पिळणारी व्यवस्था तशीच ठेवून त्याला मात्र 'सहनशील' बनवून द्या, असं कोणाला वाटत असेल तर ते काम माझं नाही. आणि व्यवस्था बदलता येते. २०१६ साली मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग झाला, तो एका अंमलदाराने स्वतः बसून मांडलेल्या वेळापत्रकावरून. आयुक्तांनी त्याचं ऐकलं, आणि प्रयोग पुढे इतर ठाण्यांतही नेला. खालचा माणूस सांगतो आणि वरचा ऐकतो, हे तुमच्या खात्यात घडलेलं आहे.

तेव्हा विनंती एवढीच की या पत्रावर परिपत्रक काढू नये. एका घटकाने एक खोली द्यावी, जिला आतून कडी आहे आणि जिच्या काचेतून कॉरिडॉर दिसत नाही. दहा खुर्च्या, बारा बुधवार, आणि वर लिहिलेला आदेश. निवड ऐच्छिक असावी. नावं तुम्ही पाठवू नका, सूचना फलकावर लावा आणि फोन नंबर आमचा द्या. मानधनाचं नंतर बोलू. बारा आठवड्यांनी त्या दहांपैकी ज्यांना वाटेल ते स्वतः तुमच्या दरबारात येऊन सांगतील, उपयोग झाला की नाही. नाही झाला असं म्हणाले, तर गट बंद करा.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
उपचार-गट चालवणारी एक मानसशास्त्रज्ञ

प्रत माहितीसाठी : ठाण्यात, केंद्रावर, गाडीवर आत्ता ड्युटीवर असलेले सर्व. साहेबांचं उत्तर येईपर्यंत थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६. चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.